सुकटीचा वास, हिंगाचा वास

२०२५च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने चोवीस तास मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. पालिकेने १९८८चा जुना ठराव पुढे केला. एका बाजूचं म्हणणं, एक दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतं? दुसरी बाजू म्हणाली, माझ्या ताटात काय असावं हे सांगणारे तुम्ही कोण? त्याआधी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहात शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं राखण्यावरून वाद झाला होता. निषेध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंडही झाला होता. आणि मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये तर हा विषय बारमाही आहे.

आमच्या इमारतीतही एकदा यावरून बैठक झाली. सहाव्या मजल्यावर अलिबागकडची एक बाई राहते. आठवड्यातून एकदा ती सुकट भाजते. शेजारच्या काकूंची तक्रार होती की तो वास आला की त्यांना जेवण जात नाही. मी त्या बैठकीत होते. काकू खोटं बोलत नव्हत्या. नुसतं वर्णन करतानाही त्यांच्या घशाशी येत होतं. आणि जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती एक शब्द न बोलता खाली बघत होती, तिचे डोळे भरले होते. मूठभर सुकटीपायी एका बाईला मळमळतं आणि दुसरीला रडू येतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे या विषयावर वाचत गेले, तसं थोडं थोडं कळत गेलं.

चव जिभेवर कमी, नाकात जास्त

सुरुवात अगदी घरच्या प्रयोगाने करू. नाक चिमटीत घट्ट धरा आणि थोडी बडीशेप चावा. जराशी गोडसर चव लागेल, बस. आता नाक सोडा. क्षणात बडीशेप ‘बडीशेप’ होते.

जीभ ओळखते त्या चवी मोजक्या आहेत: गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी. मटणाच्या रश्श्यात, सुक्या मासळीत, पिकलेल्या टोमॅटोत जी तोंडभर भरीव चव लागते ती उमामी. बाकी आपण ज्याला ‘चव’ म्हणतो ते सगळं वासाचं काम. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो. तिथे वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. ग्राहक म्हणजे ठरावीक किल्लीनेच उघडणारं कुलूप समजा. या कुलपांचा शोध लावल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४चं नोबेल मिळालं.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे. डोळ्यांना दिसलेलं, कानांना ऐकू आलेलं, हातांना लागलेलं, हे सगळं मेंदूतल्या एका जंक्शनवर उतरतं आणि तिथून पुढे जातं. वास त्या जंक्शनवर थांबत नाही. भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे तो थेट पोचतो. बाकीचे पाहुणे पुढच्या दाराने बेल वाजवून येतात, वास परसदाराने सरळ माजघरात शिरतो. म्हणून कुणाच्या तरी घरून फोडणीचा वास आला की आधी आजी आठवते आणि मग आपण म्हणतो, ‘अगं, ही तर लसणीची फोडणी!’ सुकटीच्या वासाने काकूंना आधी मळमळलं, कारणं त्यांनी नंतर शोधली. सहाव्या मजल्यावरच्या बाईच्या मनातही त्याच वासाने आधी घर उभं राहिलं असणार.

डोहाळे आणि बाळंतशेपा

पण हा वास ‘आपला’, तो ‘त्यांचा’, हे मेंदू शिकतो कधी? जन्माच्या आधीपासून.

गर्भ शेवटच्या महिन्यांत आपल्याभोवतीचं पाणी गिळत असतो, आणि आईने खाल्लेल्याचा वास त्या पाण्यात उतरतो. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला यांनी २००१ साली एक साधा प्रयोग मांडला. काही गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस दिला, काहींना नुसतं पाणी. पुढे ही मुलं वरचं खायला लागली, तेव्हा रस प्यायलेल्या आयांच्या मुलांनी गाजराची चव असलेली पेज जास्त आवडीने खाल्ली. त्याच्या वर्षभर आधी फ्रान्समध्ये बडीशेपेसारख्या वासाच्या एका मसाल्यावर असाच प्रयोग झाला होता. ज्यांच्या आयांनी तो खाल्ला होता, ती बाळं जन्मल्यावर काही तासांतच त्या वासाकडे तोंड वळवत होती. बाकीच्या बाळांना त्याचं काही नव्हतं, उलट काहींनी तोंड फिरवलं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडची बाळंतिणीची खोली आठवली. बाळंतशेपा, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, ओवा, लसूण. यातला एकही पदार्थ बिनवासाचा नाही. आजीच्या मनात बाळंतिणीची कंबर आणि बाळाचं दूध एवढंच होतं. पण दुधातून बाळाकडे त्या घराचा पत्ताही पोचत होता. डोहाळे पुरवण्याला आपण इतकं महत्त्व देतो, डोहाळजेवणं घालतो. आईच्या पोटातून बाळापर्यंत जे जातं त्याचा अंदाज आपल्या बायकांना प्रयोगशाळेशिवायही होताच.

मला ही गोष्ट बोलीसारखी वाटते. चंद्रपूरच्या मुलाला कुणी हेल शिकवत बसत नाही, मालवणच्या मुलीला कुणी सानुनासिक बोलायचे धडे देत नाही. कानावर पडत राहतं आणि जीभ वळते. जेवणाचंही तसंच. आणि जशी दुसऱ्याची बोली आपल्याला ‘वेगळी’ वाटते, पण आपण स्वतः मात्र ‘साधं’ बोलतो असं प्रत्येकाला वाटतं, तसंच इथेही होतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, शेवटी तिचं काम पडणार आहे.

तिखट ही चव नव्हे, भाजणं आहे

मघाच्या पाच चवींत तिखट नव्हतं. चुकून राहिलं नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन नावाचं द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहकाला चिकटतं, तो मुळात सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखण्यासाठी आहे. म्हणजे मिरची खाल्ल्यावर मेंदूला खरोखरच ‘तोंड भाजलं’ असा निरोप जातो. हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१च्या वैद्यकाच्या नोबेलचे एक मानकरी.

जगातल्या एकाही बाळाला मिरची जन्मतः आवडत नाही. मग कोल्हापूरच्या पोराला तांबडा रस्सा, खानदेशातल्या पोरीला शेवभाजी आणि नागपूरकराला सावजी कसं आवडायला लागतं? पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोत जाऊन हेच पाहिलं. तिथल्या मुलांवर कुणी जबरदस्ती करत नव्हतं. मोठी माणसं खातात, मिटक्या मारतात, आणि मूल त्यांच्यात बसायला उत्सुक असतं. आधी जरासं चाटतं, रडतं, पुन्हा चाटतं. त्याच घरातली कुत्री आणि डुकरं तेच मिरचीचं खरकटं रोज खात होती, पण त्यांना मात्र तिखटाची गोडी लागलेली नव्हती.

आपल्याकडेही असंच घडतं. मऊ वरणभातावरून मूल एक दिवस भाजीच्या वाटीकडे बोट दाखवतं. आई बोट बुडवून जिभेला लावते. डोळ्यांत पाणी येतं, पाण्याचा पेला पुढे होतो, आणि आजोबा कौतुकाने म्हणतात, ‘खाल्लं बरं का आमच्या बाळाने तिखट!’ शरीराला झालेल्या दुखण्यावर तेव्हा प्रेमाची मोहोर उठते. पुढे हाच माणूस ‘आमच्याकडचं तिखट तुम्हाला झेपायचं नाही’ असं अभिमानाने सांगतो. ओळख अशी शरीरात शिरते, डोळ्यांतल्या पाण्यासकट.

किळस कुठून येते

आता नकोशा बाजूकडे येऊ. कडू लागलं की नवजात बाळही तोंड वाकडं करतं, ती नावड उपजत आहे. किळस वेगळी. दोन वर्षांचं मूल जमिनीवरचं काहीही उचलून तोंडात घालतं, हे कुठल्याही आईला विचारा. किळस बहुतांशी शिकवली जाते, आणि ती शब्दांपेक्षा चेहऱ्यावरून शिकली जाते. २००३ साली मेंदूच्या चित्रणातून दिसलं की घाणेरडा वास स्वतः घेताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच भाग दुसऱ्याचा किळस आलेला चेहरा नुसता पाहतानाही जागा होतो. ‘नाक मुरडणं’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. आईने नाक मुरडलं की बाळाच्या आतही काहीतरी मुरडतं.

किळस हा शरीराचा पहारेकरी आहे. सडलेलं, रोगट काही पोटात जाऊ नये म्हणून उभा केलेला. पण हा पहारेकरी फार शिकलेला नाही, खात्री करून घेत नाही, संशयावर दार बंद करतो. रोझिन यांनी १९८६ साली निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढलं आणि लोकांना प्यायला सांगितलं. झुरळ निर्जंतुक आहे हे सांगूनही लोकांना तो रस नकोसा झाला.

दुसरा प्रयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो. २००१ साली रेचेल हर्झ यांनी लोकांना एकच वास दोनदा हुंगायला दिला. एकदा सांगितलं हे चीज आहे, एकदा सांगितलं ही ओकारी आहे. बाटलीतलं द्रव्य तेच. पण ‘चीज’ला लोकांनी बरं म्हटलं आणि ‘ओकारी’ला शिसारी आली. नाकात काय गेलं यापेक्षा ते कुणाचं, कशाचं म्हणून गेलं यावर मळमळ अवलंबून होती.

आणि हिंगाचं घ्या. अफगाणिस्तान-इराणकडून येणारा हा डिंक. गंधकाच्या संयुगांनी भरलेला, इतका उग्र की जर्मन भाषेत त्याचं नावच ‘सैतानाची विष्ठा’ असं आहे. तोच हिंग आमटीच्या फोडणीत पडला की आपल्याला ‘आता जेवायला बसावं’ असं वाटतं. सुकटीचा वास ज्यांना सोसवत नाही त्यांच्या फोडणीचा वास परदेशातल्या एखाद्या शेजाऱ्याला तसाच सोसवत नसतो. भाड्याने घर शोधताना भारतीयांना तिथे हे ऐकायला लागतं, आणि तेव्हा तो अपमान बरोबर काळजात घुसतो.

विटाळ

मराठीत या भावनेसाठी किती शब्द आहेत बघा: किळस, शिसारी, उबग, ओकारी. आणि शिवाय उष्टं, खरकटं, सोवळं, ओवळं, बाटणं, विटाळ. पहिली रांग शरीराची आहे. दुसऱ्या रांगेत शरीराच्या भावनेचा कायदा झालेला आहे, आणि तिथेच मला थांबून बोलायचंय.

विटाळाची कल्पना रसातल्या झुरळासारखीच चालते. एक स्पर्श पुरे, प्रमाण बघायचं नाही, तपासायचं नाही. फरक एवढाच की झुरळाच्या जागी माणूस ठेवला गेला. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, त्याने तळं बाटत नव्हतं. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं त्या पाण्याची ओंजळ प्यायली, तेव्हा त्यांना मारहाण झाली आणि मग तळ्यात शेण, गोमूत्र, दही, दूध ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. स्वच्छतेचा विचार असता तर पिण्याच्या पाण्यात शेण ओतलं नसतं. ज्यांनी ते ओतलं त्यांना किळस खरोखरच वाटत असेल. पिढ्यान्‌पिढ्या चेहऱ्यांवरून शिकलेली ती होती. भावना खरी असणं आणि ती न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चवदार तळ्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसत नाही.

सत्तेला हे चांगलं कळतं की माणसाची ओळख ताटात सापडते. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे धर्म तपासणाऱ्या पोर्तुगीज न्यायासनाने, १७३६ साली एक फर्मान काढलं. बाटलेल्या घरांमधले जुने रिवाज त्यात एकेक करून बंद केले होते. त्यात एक कलम असं: भात हिंदूंसारखा अळणी शिजवून मग वरून मीठ घ्यायचं नाही. मीठ तेच, भात तोच, पोटात गेल्यावर फरक शून्य. पण मीठ भांड्यात पडलं की पानात, एवढ्यावरून माणूस आतून कुणाचा आहे हे ओळखता येतं, असं त्या न्यायासनाला वाटत होतं. आणि एका अर्थी ते बरोबरच होतं. हाताचं वळण जबाबापेक्षा खरं बोलतं.

या भिंतीला आपल्याच परंपरेने पाडलेली भगदाडंही आहेत. मुलाच्या पहिल्या घासाच्या विधीला आपण ‘उष्टावण’ म्हणतो. उष्टं, जे एरवी नको, तेच माणसाच्या जेवणाचं पहिलं नाव. आणि वारकऱ्यांचा काला. कृष्णाने आणि गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या आणि एकमेकांचं उष्टं खाल्लं, ही त्यामागची कथा. सप्ताहाच्या शेवटी लाह्या, दही, लोणचं एकत्र कालवलेला तो घास हातावर पडतो, तेव्हा कुणाच्या शिदोरीतलं काय हे सांगता येत नाही. विटाळाच्या हिशेबाला ज्यांनी सुरुंग लावला त्यांनी भाषणासाठी नव्हे, घासासाठी हात पुढे करायला लावला.

‘पण आमचं जेवण तर हजारो वर्षांचं आहे’

ही हरकत नेहमी येते. तिच्या उत्तरासाठी एकादशीची थाळी पुरे.

साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची मेक्सिकोच्या बाजूची. वास्को-द-गामा १४९८ साली कालिकतला उतरला त्याआधी यातलं काहीही इथे नव्हतं. जुनं काय राहिलं? तूप आणि जिरं. म्हणजे ज्या दिवशी आपण सर्वांत सोवळ्यात असतो, त्या दिवशीचं ताट सर्वांत परदेशी आहे. रोजची ज्वारीची भाकरीही, फार जुनी असली तरी, मुळात आफ्रिकेतून आलेल्या धान्याची.

यावरून ‘म्हणजे परंपरा खोटी’ असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझी आई आषाढीला खिचडी परतते तेव्हा त्या वासात पंढरपूर असतं, ब्राझील नसतं. पदार्थ किती जुना यावर तो आपला होत नाही. कुणाच्या हातून, किती वेळा, कुठल्या दिवशी तोंडात पडला यावर होतो. चारशे वर्षं कशाला, चार वर्षांच्या मुलाला चार एकादश्या पुरतात.

‘मग मला मळमळतं ते खोटं का?’

नाही, खोटं नाही. इथे मला शाकाहारी वाचकांशी नीट बोलायचं आहे, कारण या वादात त्यांच्या भावनेची टर उडवली जाते आणि ती मला बरोबर वाटत नाही.

माझ्या ओळखीत असे माळकरी आहेत ज्यांनी चाळिशीत तुळशीची माळ घातली. त्याआधी ते मटण चवीने खात. पहिली काही वर्षं इच्छा मारावी लागली. आता वासानेच नको होतं. संशोधनही हेच सांगतं. तब्येतीसाठी मांस सोडलेल्यांपेक्षा तत्त्व म्हणून सोडलेल्यांना मांसाची किळस जास्त येते. निश्चय आधी मनात होतो, मग शरीर तो आपलासा करतं. एखाद्याने जिवाची दया म्हणून सोडलं आणि पुढे शरीरानेही साथ दिली, ही माझ्या मते आदर करावा अशी गोष्ट आहे. त्याला कुणी चिडवून तुकडा भरवायला जाऊ नये, त्याच्या कढईत मासे तळू नयेत.

पण याच उदाहरणात दुसरीही बाजू आहे. चाळिशीत किळस नव्याने येऊ शकते, याचा अर्थ ती त्या पदार्थात नसते, आपल्या वाटचालीत असते. म्हणून ‘मला नको’ इथपर्यंत ती पुरावा म्हणून चालते. ‘तुम्ही इथे राहू नका’ यासाठी ती पुरावा होत नाही.

कायद्याचं सांगायचं तर चित्र गुंतागुंतीचं आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटलं की सहकारी संस्थेला उपविधींनुसार एका समाजापुरतं सदस्यत्व मर्यादित ठेवता येतं. तो प्रश्न ताटाचा नव्हता. पण माझी काळजी वेगळी आहे. २०१४च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरची सुमारे ६० टक्के माणसं मांसाहारी आहेत. ‘काय खाता?’ हा प्रश्न दलाल विचारतो तेव्हा त्याला आडनाव न विचारता जात कळते. नाकाचं नाव पुढे करून जुनीच चाळणी लावता येते.

डब्याची लाज

किळसेच्या दुसऱ्या टोकाची भावना म्हणजे लाज. कुणीतरी नाक मुरडतं तेव्हा समोरच्याच्या आत लाज उगवते, आणि मला वाटतं याविषयी आपण फार कमी बोलतो.

मधल्या सुट्टीत डब्याचं झाकण अर्धंच उघडणारी मुलं प्रत्येकाच्या वर्गात होती. कुणाच्या डब्यात बोंबलाची चटणी, कुणाच्या डब्यात शिळी भाकरी आणि ठेचा. पोळी नाही म्हणून लाज, वास येतो म्हणून लाज. मराठवाड्यात मेलेल्या जनावराचं मांस लांब पट्ट्यांत कापून उन्हात वाळवत, त्या चान्या. ज्यांच्यावर गावाने मेलेली जनावरं ओढायचं काम लादलं त्यांच्याच वाट्याला ते अन्न आलं, आणि मग तेच अन्न दाखवून त्यांना हलकं ठरवलं गेलं. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते या लाजेतून सुटण्यासाठी. लोकांनी सोडलं. आणि आज त्याच घरांतली नातवंडं आजीच्या त्या पाककृती मोकळेपणाने लिहून ठेवत आहेत, भुकेच्या दिवसांत माणसं जगवणारं ज्ञान म्हणून. सोडण्यातही स्वाभिमान होता, सांगण्यातही आहे. ही विसंगती नाही. अन्न कुणी कुणावर लादलं आणि कुणी स्वतः निवडलं, यावर सगळं बदलतं.

घर सोडलं, देश सोडला, तर?

रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल हे मला या सगळ्याचं सर्वांत सुंदर उदाहरण वाटतं. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले हे मराठीभाषक ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी काम बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. कोकणाने त्यांना नारळ दिला. मटणाच्या कालवणात नारळाचं दूध घातलं की धर्मही राहिला आणि कोकणही राहिलं.

त्यांचा मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा आणि सोबत फळं. एलियाहू प्रेषिताच्या नावाने तो करतात, लग्न असो, नवस असो. १९४८ नंतर बहुतेकजण इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. लग्नांसाठी त्यांच्या वंशाची चौकशी लावली, आंदोलनं झाली आणि १९६४ साली त्यांना पूर्ण बरोबरीने मान्य करण्यात आलं. ज्या भूमीत सगळेच ज्यू, तिथे बेने इस्राएल म्हणून ओळख टिकवायला धर्म पुरेसा नव्हता. पोहे-खोबऱ्याचं ताट कामी आलं. कोकणात ज्या विधीने ते ज्यू राहिले, इस्राएलमध्ये त्याच विधीने ते कोकणी राहिले.

शिकागोत किंवा सिंगापुरात गणपतीला एकवीस मोदक व्हावेत म्हणून गोठवलेला नारळ शोधत फिरणाऱ्या मराठी बायका हेच करत असतात.

‘आमच्या घराला कुठे वास येतो?’

ही शेवटची हरकत, आमच्या बैठकीतही आली होती. ‘आम्ही रोज स्वयंपाक करतो, आमचा वास कधी कुणाला आला का?’

नाकाची एक सवय आहे. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत ते त्याची दखल घेणं थांबवतं, नवा वास आला तर कळावा म्हणून. त्यामुळे स्वतःच्या घराचा वास कुणालाच येत नाही. बोलीचं मघाशी म्हटलं ते इथेही: हेल असतो तो दुसऱ्याला.

त्या बैठकीत निर्णय असा काही झाला नाही. पॅसेजमधली खिडकी उघडी ठेवायची ठरलं आणि सहाव्या मजल्यावर धूर ओढणारा पंखा बसला. पुढच्या उन्हाळ्यात तक्रार करणाऱ्या काकू दोन महिने मुलीकडे जाऊन आल्या. सामान वर न्यायला मी मदत करत होते. त्यांनी कुलूप काढलं, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकल्या. बंद घरातून हिंग, तूप, धूप, डांबराच्या गोळ्या आणि लोणच्याच्या बरणीचा मिळून एक वास अंगावर आला. ‘अगं बाई, हा कसला वास?’ त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा एकदा श्वास घेतला, खोल, आणि चप्पल काढता काढता आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, ‘आपलाच की.’ मी बॅग ठेवून वळले, तोवर त्यांना तो यायचा थांबला होता.